भीतीचा नकाशा

उद्योग चौक नकाशावर आजही हिरवा दिसत होता. प्रयोगशाळेतल्या पडद्याकडे पाहताना इरफान मणेरला संताप आवरेना. आठवड्यापूर्वी त्याच चौकात सायकलवरून जाताना त्याच्या बायकोला, शबनमला, वळणाऱ्या ट्रकची धडक बसली होती. हात मोडण्यावर निभावलं. आणि त्या वाटेने तिला पाठवलं होतं इरफाननेच बनवलेल्या 'शांतपथ' प्रणालीने.

शहरातल्या सायकलींच्या मुठींत बसवलेले संवेदक चालवणाऱ्याची नाडी आणि तळहाताचा घाम टिपत. लोक घाबरत तो रस्ता नकाशावर लाल, निवांत असत तो हिरवा. नवख्यांना हिरव्या वाटा सुचवल्या जात.

"संवेदक बिघडलेत," इरफान म्हणाला.

"मी तपासले. ठीक आहेत," संख्याशास्त्रज्ञ सुनेत्रा होनप म्हणाल्या. "चल, चौकच बघून येऊ."

चौकात सायकली मोजक्याच होत्या. सगळ्या तरण्या पोरांच्या, ट्रकना खेटून सुसाट जाणाऱ्या. एक बाई नाही की म्हातारा माणूस नाही.

"आपण फक्त गेल्या महिन्याच्या नोंदी धरतो ना?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"हो. रस्ते बदलत राहतात, म्हणून."

"मग इथे जो घाबरला, तो परत आलाच नाही. महिन्याने त्याची भीतीही पुसली गेली. उरले हे न घाबरणारे. चौक जितक्यांना पळवून लावतो, तितका हिरवा होतो. आणि आपण तिथे आणखी माणसं पाठवतो."

इरफानचा चेहरा उतरला. त्याने तिथल्या तिथे फोनवरून शांतपथचं वाटा सुचवणं बंद केलं.

"मग लाल रस्त्यांवर कोण असतं, मॅडम?"

"घाबरणारे. तरीही रोज येणारे."

दोघं नकाशावरच्या सर्वांत लाल गल्लीत गेले. शाळकरी मुली, भाजीची पिशवी अडकवलेले आजोबा, तोल सावरत शिकणाऱ्या दोन बायका. कुत्रं आडवं आलं की सगळ्यांची धांदल उडे. पण कुणी मागे फिरत नव्हतं.

हात बरा झाल्यावर शबनम त्या गल्लीतून सायकलने शाळेत शिकवायला गेली. संध्याकाळी इरफानने तिची नोंद पाहिली. नाडी सारखी उसळलेली, तळहात घामेजलेले.

"फार भीती वाटली का गं?"

"वाटली ना! रिक्षा जवळून गेली, तेव्हा तर उतरलेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायकल काढून त्याच गल्लीकडे वळली.