सात नंबरचा खोकला

पहिल्यांदा तो आला तो एक लाल बॅग घेऊन. दारात उभा, केसांतून पाणी ठिबकतंय...

"हरवलेलं सामान इथेच घेता ना?"

"घेतो. पण फरशी पुसून देत नाही," त्याच्या चिखलाच्या बुटांकडे बघत मी म्हटलं.

तो हसला. झालं, माझं काम तमाम.

विमानापर्यंत सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर तो चालवायचा. सात नंबरचा, जुना, डिझेलचा. माझ्या खोलीजवळच्या वळणावर त्याचं इंजिन दोनदा खोकायचं, आणि मी घाईघाईने केस नीट करून, अगदी कामात बुडाल्यासारखी दिसायचे. तीन वर्षं! "चहा झाला?" "झाला. तुमचा?" एवढ्यावरच आमची गाडी अडलेली.

मग विमानतळाचं सगळं काम विजेवर न्यायचं ठरलं. डिझेलचे ट्रॅक्टर एकेक करून ओढून नेले. ड्रायव्हर महिनाभर प्रशिक्षणाला निघाले. जाताना तो म्हणाला, "परत विमानतळाच्या याच बाजूला काम देतील की नाही, माहीत नाही..."

आणि मी काय म्हणावं? "नीट जा." कप्पाळ माझं!

महिना सरला. नव्या पांढऱ्या गाड्या मांजराच्या पावलांनी खिडकीखालून जायच्या. दर वेळी मी मान वर करायचे... दर वेळी दुसराच कुणी.

"धूर नाही, धडधड नाही. किती बरं वाटतं गं!" बॅगांना चिठ्ठ्या बांधता बांधता माझ्या जोडीच्या मावशी म्हणाल्या.

"आग लागो त्या शांततेला!" दाराकडे पाठ करून मी सुटलेच. "तो खोकला ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही, मावशी." आणि मग, जणू तो समोरच आहे, तशी — "आता तू आलास की गेलास, मला कळायचं कसं रे?"

मावशी गप्प. नको तितक्या गप्प.

मी वळले. दारात पांढरा ट्रॅक्टर... आणि त्यावर तो. कानापर्यंत लाल.

"दाराशी... हॉर्न द्यायचा नियम आहे ना?" घाईघाईने केस नीट करत मी म्हटलं.

"आहे. हात नेलाही होता. तेवढ्यात तू मला... 'तू' म्हणालीस."

मावशींना एकदम आतल्या खोलीतलं काम आठवलं.

"कुठली बाजू दिली?" मी कसंबसं विचारलं.

"दिली दुसरीच होती," तो खाली बघत म्हणाला. "भांडून हीच घेतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिठ्ठ्या लिहीत होते. बाहेर सगळं चिडीचूप. आणि वळणावर कुणीतरी, चक्क तोंडानेच, दोनदा खोकलं.