काकडी, अंडं आणि बांगडा

चिसातो 'कामोमे'मध्ये पहिल्यांदा गेली ती काही आपखुशीने नाही. मिहोने तिला हाताला धरून ओढत नेलं होतं. एप्रिलमधली दुपार, जपानमधल्या मात्सुए शहरात कायम पडतो तसला चिवट, बारीक पाऊस, आणि कॉलेजच्या मागच्या फाटकाजवळ, लाँड्रीला खेटून असलेलं ते आठ खुर्च्यांचं सुशीचं दुकान. मिहोने दारावरचा निळा पडदा बाजूला सारला आणि व्हिनेगर घातलेल्या कोमट भाताचा वास आला. त्यामागोमाग माशांचा वास आला. चिसातोचे पाय दारातच थबकले.

"अगं चल ना! भूत बघितल्यासारखी काय उभी राहिलीस?"

भूत परवडलं असतं.

काउंटरमागे दुकानाचे मालक उभे होते – साठीचे, रुंद खांद्यांचे. त्यांना सगळं कॉलेज 'ताइशो', म्हणजे उस्ताद, म्हणे. नव्या गिऱ्हाइकाला ते पहिला प्रश्न ठरलेला विचारत, तो त्यांनी विचारला. "काय चालत नाही ते आधी सांगा."

चिसातोने तोंड उघडलं, पण मिहोचं तोंड तिच्याआधी उघडलं होतं. "आम्हाला सगळं चालतं!"

झालं! आता सुशीच्या दुकानात बसून 'मला मासे चालत नाहीत' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? चिसातो शेवटच्या खुर्चीवर अंग चोरून बसली आणि भिंतीवरच्या पाट्यांमध्ये मासा नसलेलं काही सापडतंय का ते शोधू लागली.

"मला… काकडीचे रोल. आणि अंडं."

"फक्त?" समोरून कुणीतरी विचारलं.

तिने वर पाहिलं. ताइशोंच्या डाव्या हाताला त्यांच्याकडे उमेदवारी करणारा एक तरुण उभा होता. पांढरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हातात सुरी, आणि डोळ्यांत हसू… तेही न विचारता आलेलं.

"फक्त," ती म्हणाली. "मला अंडं फार म्हणजे फारच आवडतं."

ही शुद्ध थाप होती. पण त्या थापेने त्याचा चेहरा असा उजळला की चिसातो बघतच राहिली. तिला बिचारीला कुठे ठाऊक होतं, की त्या तरुणाला, कोहेईला, या दुकानात करू देत त्या वस्तू दोनच – रोल आणि अंडं! माशाला हात ताइशोंचा. लोक येत, ताइशोंच्या माशांचं कौतुक करत, आणि कोहेईचं गोडसर अंडं शेवटी बोलता बोलता तोंडात टाकून निघून जात. नुसतं त्याच्याच हातचं मागणारं गिऱ्हाईक त्याला दोन वर्षांत पहिल्यांदा भेटलं होतं.

पुढच्या गुरुवारी ती एकटी आली. का आली, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

"आज अंडं जरा जास्तच गोड आहे," ती म्हणाली.

"आठवडाभर तुम्ही आला नाहीत ना… तेवढी साखर उरली होती."

"असं सगळ्यांनाच सांगता?"

"सगळे कुठे विचारतात?" तो सुरी पुसत म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले. ताइशो खाकरले. कोहेई मान खाली घालून काकडी चिरू लागला – चार जणांना पुरेल इतकी.

असे दीड वर्ष गुरुवार गेले. चिसातो त्याच खुर्चीवर बसायची, चहाचा मोठा पेला उचलून बरोबर मधे ठेवायची, म्हणजे काचेच्या कपाटातले मासे दिसत नसत. दिसायचे ते फक्त कोहेईचे हात. ते हात तिला पाठ झाले होते. आणि त्याला तिचे. रोल आला की ती लगेच, लहान मुलीसारखी, बोटांनी उचलून खायची. ते बघायला तो हातातलं काम थांबवायचा.

ती त्याच्यावर प्रेम करत होती. आणि दर गुरुवारी तिला त्या दुकानात शिरताना भीती वाटत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच छातीत.

भीतीला कारण होतं. चिसातो डोंगरातल्या गावची. आठ वर्षांची असताना मामाच्या लग्नात तिने व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा खाल्ला होता. त्यानंतर पोटात जे उठलं, ते आठवलं तरी आजही तिचे तळहात ओले होत. दवाखान्यात डॉक्टरांनी घशातून नळी घालून तिच्या पोटातून एक जंत काढला आणि, बहुधा तिला धीर यावा म्हणून, बाटलीत घालून दाखवला. पांढरा, दोऱ्याएवढा… वळवळत होता. त्या दिवसापासून मासा तिच्या तोंडात गेला नव्हता.

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी कोहेईने रोल तिच्यापुढे ठेवला आणि हात मागे घेतलाच नाही.

"शनिवारी दुपारी याल?"

"का? शनिवारी अंडं स्वस्त आहे?"

"शनिवारी मी पहिल्यांदा मासा करणार आहे." त्याने ताइशोंकडे एक नजर टाकली. "ताइशोंची रीत आहे. उमेदवाराच्या हातचं जो सगळ्यात जास्त दिवस खातोय, त्याला पहिला घास. त्याने तो संपवला, की उमेदवार पास. मी तुमचं नाव सांगितलंय."

चिसातोने उचललेला रोल पुन्हा खाली ठेवला. "आणि पास झालात की?"

"हिरोशिमा. ताइशोंच्या मेहुण्यांचं दुकान आहे. मोठं आहे, तिथे खरं काम शिकायला मिळेल. पुढच्याच महिन्यात…" तो थांबला. तिच्याकडे बघून चटकन दुसरीकडे बघू लागला. "बांगडा करणार आहे. बाबा त्यांच्या होडीतला पाठवणार आहेत. साडेतीन वर्षांत त्यांनी मला एकदाही फोनवर शाब्बास म्हटलेलं नाही. पण परवा म्हणाले, सगळ्यात चांगला निवडून पाठवतो."

बांगडा. समुद्रातले सगळे मासे सोडून बांगडाच!

पुढचे दोन दिवस तिला धड झोप नाही की जेवण नाही. मिहोला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला.

"दीड वर्षं सुशीच्या दुकानात जातेस आणि काकडी खातेस? अगं, सांगून टाक ना त्याला!"

"आता? त्याला वाटेल, मी त्याची चेष्टा करत होते. अंडं आवडतं म्हणाले, ते खोटं. म्हणजे तो म्हणेल, सगळंच खोटं."

"मग घास तसाच ठेव. हिरोशिमा रद्द! तुझ्यासाठी बरंच आहे की."

मिहो थट्टेने बोलली. पण हा विचार चिसातोच्याही मनात येऊन गेला होता. खाल्लं तर तो जाणार. नाही खाल्लं तर त्याच्या ताइशोंपुढे, त्याच्या बाबांपुढे त्याची मान खाली जाणार, आणि तीही तिच्यामुळे. तिला स्वतःची लाज वाटली. शुक्रवारी संध्याकाळी तिने ठरवलं – खायचं. डोळे मिटून गिळायचं, आणि मग तो गेला की जे रडायचं ते रडायचं.

शनिवारी आठही खुर्च्या भरल्या होत्या. बाहेर पाऊस, काचांवर वाफ. चिसातोने सवयीने चहाचा पेला मधे ठेवला, तोच ताइशोंनी तो हलकेच बाजूला सरकवला. "आज बघा त्याचं काम."

कोहेईने हात ओले केले. भात घेतला, दाबला, त्यावर बांगड्याचा तुकडा ठेवला, पुन्हा दाबला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने तो घास तिच्यापुढे ठेवला आणि मान लववली.

"घ्या."

निळसर, चकचकीत पाठ. खाली गुलाबी मांस. चिसातोच्या डोळ्यांपुढे ती बाटली आली. सगळी माणसं तिच्याकडे बघत होती आणि कोहेई तर श्वास घ्यायचाही थांबला होता. तिने हात पुढे केला… बोटं पुढे जाईनात. मग तिने काड्या उचलल्या. एक काडी हातातून निसटली, काउंटरवर पडली, गडगडत गेली.

"दुसऱ्या देऊ?" कुणीतरी म्हणालं.

"नको, नको," ती हसली. ते हसू कसलं, नुसते दात! पडलेली काडी परत घेऊन तिने घास उचलला. तो ओठांपर्यंत आला. व्हिनेगरचा तोच वास. आठ वर्षांची चिसातो आतून किंचाळत होती. तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. तिने तोंड उघडलं –

"खाऊ नकोस!"

तिच्या मनगटावर ओला, गार हात पडला होता. कोहेई काउंटरवरून अर्धा अधिक वाकला होता. त्याची टोपी पडली होती. दीड वर्षात त्याने तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं, आणि आज सगळ्या दुकानादेखत तो ओरडला होता.

"तू बोटांनी खातेस," तो धापा टाकत म्हणाला. "नेहमी. रोल आल्या आल्या. आज काड्या उचलल्यास, आणि तुझा हात बर्फासारखा… चिसातो-सान, तुला – तुम्हाला – काय चालत नाही?"

चिसातोने डोळे उघडले.

"मासे," ती म्हणाली. "सगळेच."

पलीकडच्या टोकाला बसलेल्या एका प्राध्यापकांना ठसका लागला. ताइशोंनी तिच्या काड्यांतला घास अलगद काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. बराच वेळ चावला. चिसातोला वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"मासा उत्तम मुरलाय," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या बाबांना मी स्वतः कळवीन. पण पहिला प्रश्न कोणता विचारायचा, कोहेई?"

"काय चालत नाही…"

"कधी विचारलास?"

कोहेईने मान खाली घातली. "घास दिल्यावर."

"हिरोशिमाला फोन करतो. मार्चअखेर येईल म्हणावं. तोवर अंडं." मग ते चिसातोकडे वळले. "आणि तुम्ही हो! दीड वर्षं मी तुमच्यासमोर उत्तमोत्तम मासे मांडतोय, आणि तुम्ही आपल्या चहाचा पेला आड लावताय! मला वाटायचं, माझंच तोंड बघवत नाही."

तेव्हा मात्र सगळं दुकान खदखदून हसलं. चिसातो रडत होती, ती रडतच हसली.

गिऱ्हाइकाला दाराबाहेर सोडायला जायची रीत होती. कोहेई गेला. पडद्याखाली दोघं उभी राहिली. लाँड्रीच्या पन्हाळीतून पाणी गळत होतं.

"माझ्यामुळे तुम्ही नापास झालात," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. अंडं आवडतं म्हणून…"

"आवडत नाही?"

"तेव्हा नव्हतं आवडत. आता…"

"मला वेळेवर विचारायचं सुचलं नाही," तो म्हणाला. "भीती वाटायची. तुम्ही म्हणाला असतात, अंडंही चालत नाही, मग मी काय केलं असतं?" त्याने गळणाऱ्या पन्हाळीकडे पाहिलं. "पण तुला इतकी भीती वाटते, तर खाणार कशाला होतीस?"

"तुम्ही पास व्हावं म्हणून."

"मग मी हिरोशिमाला गेलो असतो."

"हो," ती म्हणाली. "त्याची तर माशापेक्षा जास्त भीती वाटत होती."

कोहेई तिच्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले, मग गाल, मग मान. "मार्चमध्ये जावं लागेलच. ताइशो दुसऱ्यांदा नाही थांबवणार."

"मार्चमध्ये माझंही कॉलेज संपतंय. आणि अजून कुठेच नोकरी लागलेली नाही." तिने छत्री उघडली, पुन्हा मिटली. "कोहेई-सान… हिरोशिमात काकडी मिळते?"

"मिळते," तो म्हणाला. त्याने तिचा हात धरला, या वेळी न घाबरता. "मी चिरून देईन."