घड्याळ बरोबर, आवाज हळू

कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन बारीक सेल घेऊन अच्युतराव घरी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सुदामा नगरच्या त्या गल्लीत तीन ते पाच चिटपाखरू नसतं. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि टेबलापाशी बसले.

टेबलावर रेकॉर्डर होता, मुठीत मावेल एवढा. त्यात त्यांच्या पत्नीचा, रमाबाईंचा, आवाज होता. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध. मुलगी वल्लरी सकाळच्या गाडीने पुण्याहून येणार होती. आईच्या शेवटच्या दिवसांत तिला पोचता आलं नव्हतं. तिच्यासाठी रमाबाईंनी अंथरुणावरूनच महालक्ष्म्यांची घरची सगळी पद्धत बोलून ठेवली होती. मुखवटे कसे बसवायचे, सोळा भाज्या कुठल्या, आंबील किती पातळ. वल्लरीला द्यायला अच्युतरावांपाशी तेवढंच होतं.

आणि तोच आवाज बिघडला होता. बटण दाबलं की जाड, ओढलेला, पुरुषाचा असावा तसा आवाज यायचा. शब्द कळत नव्हते.

अच्युतराव आठवीपर्यंत शिकलेले. पण छत्रीबागेतल्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी टेप दुरुस्त केले होते. आवाज ओढला जातोय म्हणजे पट्टा सैल झाला, हे ते रस्त्यावरून ऐकून सांगत. या डबीत मात्र पट्टाच नव्हता. त्यांनी भाच्याला, अश्विनला, फोन लावला आणि काय होतंय ते सांगितलं.

"मामा, रेकॉर्ड करताना आकडा कुणी बदलला होता का?"

"मी. अठ्ठेचाळीस होता, शहाण्णव केला. म्हटलं मोठा आकडा, चांगला आवाज."

अश्विन हसला. "भारी काम केलंत. अहो, भरलंय शहाण्णवने आणि मशीन वाजवतंय अठ्ठेचाळीसने. मतलब अर्ध्या स्पीडने. मेनूत सॅम्पल रेट आहे, तो शहाण्णव करा. बस, हो गया."

"एवढंच?"

"एवढंच. टेंशन नका घेऊ. मी ऑफिस सुटलं की येतोच."

त्यांनी आकडा बदलला. मग जुन्या सवयीने मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. टेपची चाल ते अशीच तपासत. रेकॉर्डिंगमध्ये भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येत होती, ती त्यांनी मोजली. मिनिटाला बरोबर साठ. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीही आली, जशी असते तशी. मग त्यांचा स्वतःचा आवाज आला, स्वच्छ. "बोल गं, चालू झालंय."

आणि रमाबाई बोलल्या.

तोच जाड, ओढलेला आवाज.

अच्युतरावांनी परत लावलं. टिकटिक साठ. शिट्टी बरोबर. त्यांचा आवाज बरोबर. फक्त ती हळू. एकेक अक्षर लांबत होतं. त्यांनी पुढचं विचारलं तरी तिचं आधीचं वाक्य संपलेलं नव्हतं. ते तिच्या बोलण्यावर बोलत होते. पन्नास वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. उलट तीच म्हणायची, "तुमचं एक वाक्य होईस्तोवर माझी पोळी करपते."

त्या दिवशी ते तिच्या उशाशीच होते. ती नेहमीसारखी भराभर बोलली होती. त्यांना चांगलं आठवत होतं.

पट्टा सैल असला तर सगळंच हळू होतं. एकच माणूस हळू होत नाही.

खोलीत औषधाचा आणि निलगिरीच्या तेलाचा वास आला. बाटल्या तर वर्षापूर्वीच टाकल्या होत्या... मेनूत शहाण्णवच्या खाली आणखी एक आकडा होता. एकशे ब्याण्णव. त्यांचं बोट तिथे थांबलं. मग उद्या स्टेशनवर उतरणारी वल्लरी डोळ्यांसमोर आली, आणि त्यांनी तो दाबला.

घड्याळ पळायला लागलं. शिट्टी किंचाळून गेली. त्यांचा स्वतःचा आवाज चिमणीसारखा चिवचिवला. आणि त्या सगळ्या घाईत रमाबाईंचा आवाज आला, अगदी तिचा, पहाटे चहाला हाक मारायची तसा.

"अहो..."

अच्युतरावांचे डोळे भरून आले.

"अहो, तुम्ही फार भराभर बोलता. काही कळत नाही मला... जरा हळू बोला ना."

हे तिने त्या दिवशी म्हटलं नव्हतं. महालक्ष्म्यांचं, आंबिलीचं एक अक्षर नव्हतं. मशीन बंद करावं म्हणून त्यांनी हात पुढे केला. पण बंद केलं आणि परत लागलंच नाही तर?

"रमा," ते पुटपुटले.

"अजून हळू..."

"र... मा..."

ती ऐकत असावी. फरशीवर पडलेला उन्हाचा तुकडा सरकला. त्यांच्या डोळ्यांदेखत तो टेबलाच्या पायापासून भिंतीपर्यंत गेला, भिंतीवर चढला आणि विझला. बाहेर भाजीवाल्याची हाक आली, पण ती हाक आहे हे कळेपर्यंत गल्ली ओलांडून गेली होती.

त्यांनी फोन उचलला. हात जड झाला होता. अश्विनचा नंबर लागला.

"अश्विन... तू... ये..."

पलीकडून चिवचिव आली. बारीक, घाईची. खूप लक्ष दिलं तेव्हा थोडे शब्द लागले.

"मामा? मामा, असे का बोलताय? आवाज ओढला जातोय तुमचा... मामा, मी दारातच उभा आहे, केव्हाचा बेल वाजवतोय, दार उघडा..."

बेल त्यांना ऐकू आली नव्हती. एक बारीक किणकिण मात्र मघापासून कानात होती, डास असावा तशी.

त्यांना उठायचं होतं. गुडघ्यांवर हात ठेवले. नजर फोनच्या काचेवर गेली. तिथे बोलणं सुरू होऊन किती वेळ झाला ते दिसत होतं. तासाच्या जागी चार होता. मिनिटं एकामागून एक बदलत होती. सेकंदांचे आकडे एवढे पळत होते की त्यांना वाचता येईनात.

"हं," रेकॉर्डरमधून रमाबाई म्हणाल्या, शांतपणे, अगदी कानाजवळ. "आता बरोबर येतोय तुमचा आवाज."