दहा मिनिटं झोपून बघा

आमच्या गाद्यांच्या दुकानात झोपलेली माणसं मी रोज बघते. पण त्या दुपारी डबा धुऊन बाहेर आले, तर काचेजवळच्या गादीवर एक अनोळखी माणूस पसरलेला... एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, छातीवर आमचंच भिंतीवरचं घड्याळ, आणि चक्क घोरतोय!

"अहो! उठा! ही काय धर्मशाळा आहे?"

तो धडपडत उठला. घड्याळ मात्र पडू दिलं नाही, पोटाशी धरलं.

"सॉरी... घड्याळ दुरुस्त करायला आलोय. मालकीणबाईंनी बोलावलं होतं. म्हटलं, जरा टेकावं—"

"टेकावं? घोरत होतात."

"मग दोष गादीचा. माणसाला सोडतच नाही!"

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस उभे, पण बोलताना असा थेट बघत होता की... जाऊ दे. जास्त सांगितलं तर मालकीणबाई म्हणतील, मिरची पाघळली. मिरची म्हणजे मी. दुकानात मला याच नावाने हाक मारतात, आणि का ते तुम्हाला कळेलच.

घड्याळ पुन्हा भिंतीवर चढवून तो म्हणाला, "मला खरंच गादी घ्यायचीय. मेमरी फोमची. पण त्यातलं काही कळत नाही."

"मग बसा. हात दाबा इथे." मी त्याचा पंजा गादीवर दाबायला लावला. "आता उचला. ठसा बघा. चांगला फोम सावकाश भरून येतो. फटकन उसळला तर समजायचं, हलका माल."

त्याने मनगटावरच्या घड्याळात बघून मोजलं. "पाच सेकंद." मग शेजारच्या माझ्या हाताच्या ठशाकडे बघून म्हणाला, "तुमचा लवकर भरला. राग पण असाच लवकर जातो का?"

"माझा? तो जातच नाही."

आमच्याकडे दोन नियम आहेत. एक माझा : गादी घ्यायची तर चपला काढून दहा मिनिटं झोपून बघायचं, आणि झोपणारे दोघं असतील तर दोघांनी एकत्र. दुसरा मालकीणबाईंचा : गिऱ्हाइकाला नातं विचारायचं नाही. कारण एकदा मी एका गृहस्थांना म्हटलं होतं, "तुमच्या आईंना मधली गादी बरी पडेल." त्या त्यांच्या बायको निघाल्या. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर फक्त 'पहिली व्यक्ती' आणि 'दुसरी व्यक्ती'. वजन, उंची, झोपायची सवय. बस्स.

"झोपणारे किती?" मी विचारलं.

"दोन."

पेनाचं टोक कागदात रुतलं. दोन! असणारच. असली माणसं आपल्यासाठी रिकामी थोडीच असतात?

"दुसऱ्या व्यक्तीची पाठ फार नाजूक आहे. माझ्या—"

"नातं नको!" मी जवळजवळ ओरडलेच. "नातं सांगायची गरज नाही. घेऊन या, झोपवून बघू."

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला.

उंच, काटक, पांढरा शर्ट, आणि हसणं असं मोकळं की अख्खं दुकान वळून बघेल. मी वजन नजरेने सांगते, दोन किलोच्या वर चुकत नाही. 'दुसरी व्यक्ती : छप्पन्न किलो' असं तिला न विचारताच लिहून टाकलं. 'स्वभाव : आगाऊ' असं लिहायला रकाना नव्हता, नाहीतर तेही लिहिलं असतं.

आणि मग माझ्याच नियमाने माझाच घात केला. दोघं एका गादीवर झोपले, आणि मी उशाशी उभी राहून दहा मिनिटं मोजायची!

"अरे, असा लांब काय झोपतोस? जवळ ये," ती म्हणाली. "एक हात माझ्या खांद्यामागे. दुसरा कमरेला. हां... आता हळूच तुझ्याकडे वळव मला."

"दुखेल का?"

"मला कशाला दुखेल? पुन्हा कर. अजून हळू. रोज करायचंय तुला हे!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाज नाही, लज्जा नाही! आणि तो? तो तिला इतक्या जपून वळवत होता, ओठ आवळून, डोळे बारीक करून, जसं उघडलेलं घड्याळच हातात आहे. कुणी मला आयुष्यात कधी इतकं जपून नुसता पेला दिला नाही हो.

"किती मिनिटं झाली?" तिने विचारलं.

"झाली," मी म्हटलं. चारच झाली होती.

एवढ्यात तिचा फोन वाजला. ती घाईघाईने चपला चढवत म्हणाली, "मला पळायला हवं. गादी यांनाच विचारून घे. यांना कळतं." आणि माझ्याकडे बघून इतकं छान हसली, की मला तिचा आणखीच राग आला.

आता तो आणि मी. नाजूक पाठीला घट्ट गादी लागते. वरती फोमचा थर, खाली दणकट आधार. हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. पण बाजूलाच ती मऊ गादी होती. हात लावला की जीव सुखावतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत मधोमध खड्डा. मनात आलं, पडू दे खड्डा. घे म्हणावं कुशीवर वळवून!

"ही घ्या," मी मऊ गादीवर थाप मारली.

"तुम्ही स्वतःच्या घरी हीच घ्याल?"

तो थेट बघत होता. मी त्याच्या खांद्यावरून घड्याळाकडे बघितलं.

"हो," म्हटलं.

नोकरीला लागल्यापासून गादीच्या बाबतीत मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलले ते एवढंच.

त्यानंतर दोन दिवसांनी तो पुन्हा दारात उभा. चोराच्या मनात चांदणं! मी उगीचच उशा रचायला लागले.

"घड्याळ दोन मिनिटं पुढे जातंय, असा फोन आला होता," तो म्हणाला. वर्तुळं आणखी काळी झाली होती. शिडीवर चढून काटे फिरवता फिरवता म्हणाला, "गादी... चांगलीच आहे हो. पण बाबांना वळवताना माझे हात रुततात. ते कळवळतात. कालपासून परत लाकडी पलंगावर, सतरंजी घालून झोपवलंय."

"बाबांना?"

"मणक्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, म्हणून मी शेजारी झोपतो. तुम्ही नातं सांगू देईनात..."

"आणि परवाच्या त्या... काटक बाई?"

"ती बाबांची फिजिओथेरपिस्ट. बाबांना कसं वळवायचं ते मला शिकवत होती. त्यांना सवय नाही मऊ गादीची, एवढंच. तुमची काही चूक नाही."

तुमची काही चूक नाही! कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं मला. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. बदलून द्यायची सोय आहेच, 'सवय नाही' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. तोही मला चांगलीच समजत राहिला असता. मला तेच तर हवं होतं.

तो गेल्यावर मी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजपासून महिनाभर तू उशांच्या कोपऱ्यात. गादीला हात लावायचा नाही. पण त्यांना घट्ट गादी बदलून तू स्वतः पोचवायची."

त्याच संध्याकाळी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मी त्यांच्या घरी गेले. बाहेर दुकान, आत दोन खोल्या, भिंतभर घड्याळं. त्याने आणि ड्रायव्हरने मिळून बाबांना नव्या गादीवर ठेवलं. बाबा किडकिडीत, पण जीभ शाबूत.

"दहा मिनिटं झोपवणारी ती तूच का गं?" त्यांनी विचारलं. "हा सारखं तुझंच सांगतो. रागावली की छान दिसते म्हणे."

"बाबा!" तो कानांपर्यंत लाल झाला.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. नाही थांबले.

"ती मऊ गादी मी मुद्दाम दिली," मी म्हटलं. "चुकून नाही. ही बरोबर, ती चूक, हे मला माहीत होतं."

खोलीतली सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली.

"का?" त्याने विचारलं.

"तुम्ही तिला इतकं जपून वळवत होतात... आणि ती हसत होती... आणि मला ते बघवेना. जळले मी. बस्स, सांगितलं."

बाबांना असं हसू फुटलं की त्यांनी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. "हसवू नका रे... टाके!"

तो मात्र हसला नाही. "दोन रात्री त्यांना झोप नाही," तो सावकाश म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात, म्हणून मी घेतली."

"माहीत आहे. म्हणून तर आले." "मला माफ करू नका हवं तर. पण बाबांना दहा मिनिटं यावर झोपू द्या."

मी भिंतीवरच्या एका घड्याळात मिनिटं मोजत बसले. दहाव्या मिनिटाला बघितलं तर बाबा गाढ झोपले होते. तो दारापर्यंत सोडायला आला आणि लगेच आत वळला. परत येताना मी टेम्पोत रडले. ड्रायव्हरने बिचाऱ्याने रेडिओ मोठा केला.

आठ दिवस गेले. आमचं घड्याळ मुकाट्याने बरोबर चालत होतं. मी तर रोज घड्याळालाच म्हणायची, बंद पड की एकदा!

नवव्या दिवशी उशांच्या कोपऱ्यात सावली पडली.

"उशी हवीय," तो म्हणाला. वर्तुळं गेली होती. "बाबा आता स्वतः कूस बदलतात. मी माझ्या खोलीत झोपतो."

"झोपणारे किती?"

"सध्या एक."

मी फॉर्म काढला. मालकीणबाईंचा नियम आज मोडायचाच, म्हटलं. "एक विचारू? ती फिजिओथेरपिस्ट तुमची खरंच कुणी नाही?"

"शाळेत एका वर्गात होतो. दहावीत तिला मी आवडायचो म्हणे."

"आणि आता?" नाकाला मिरच्या झोंबल्याच.

तो पहिल्यांदा मनापासून हसला. "आता ती म्हणते, जी बाई एवढी जळते आणि एवढं खरं बोलते, तिला हातची घालवू नकोस. मला राग आला होता... पण बघितलं ना, माझा ठसा पण भरून येतो. फक्त आठ दिवस लागतात."

त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं. 'दुसरी व्यक्ती'च्या खाली नीट रेघ मारून नवा रकाना केला आणि लिहिलं, 'नातं'. पुढची जागा कोरी ठेवून कागद माझ्याकडे सरकवला.

"घाई नाही," तो म्हणाला. "दहा मिनिटं घ्या. नियम आहे तुमचा."

आणि घड्याळाखालच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला. पलीकडून मालकीणबाई बघत होत्या. मी काट्याकडे बघत होते, तो माझ्याकडे.

दहा मिनिटांचा नियम मीच केलाय, कुणालाही सूट देत नाही. पण त्या दिवशी मी चौथ्या मिनिटालाच लिहून टाकलं.