पालथी वाटी

कोपरीच्या छावणीत आम्हा बायकांची एक रीत होती. औषध पाजून झालं की रोग्याच्या उशाशी वाटी पालथी घालायची. उताणी वाटी म्हणजे औषध राहिलंय, पालथी म्हणजे झालंय. रात्रपाळीच्या विमलाबाईंना अक्षर ठाऊक नव्हतं. मला वाचता यायचं, पण ते दिराच्या पोरांच्या पाट्या चोरून बघून जमवलेलं; त्याच्यावर कुणाचा जीव टांगावा असं नव्हतं. वाटी मात्र दोघींनाही कळायची.

अठराशे सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. प्लेग मुंबईहून ठाण्यात उतरला होता. मिठागरांच्या कडेला माडाच्या झापांच्या झोपड्या उभारलेल्या, भोवती बांबूचं कुंपण. आत रोगी, बाहेर त्यांची माणसं. मी चाळिशी उलटलेली विधवा. माझी सावलीसुद्धा लोकांना चालत नव्हती, तिथे प्लेगाने आणखी काय बिघडणार होतं? नोकरी चटकन मिळाली.

कामाचं म्हणाल तर पुसणं, पाजणं, कुशीवर वळवणं, परत पुसणं. दुपार झाली की दाराशी औषधाची पेटी होती तिच्यावर मी जरा टेकायची. डोळे उघडेच असायचे, पण त्यांच्यामागे कुणी नसायचं.

माझ्या झोपडीत अँब्रोज होता. खाडीत जाळं टाकणारा, आडव्या हाडाचा माणूस. जांघेत लिंबाएवढी गाठ. ती ठणकायला लागली की तो उठून पळायला बघायचा, आणि या तापात उठलेल्या माणसाचं काळीज जागीच थांबतं. आठवड्यापूर्वी एक सुतार असाच कुंपणापर्यंत पोचलेला. तिथून त्याला उचलूनच आणला. म्हणून अँब्रोजला दुपारी अफूचा अर्क द्यायचा. थेंब चुकले तर तो उठणार. थेंब दुप्पट झाले तर झोपेतच श्वास थांबणार. मधल्या चिंचोळ्या वाटेवरून त्याला न्यायचा होता.

त्याची बायको ॲडेलिन रोज कुंपणाशी उभी राहायची.

“सगुणाबाय, कसा हाय गो माजा घोव?”

“शिव्या देतोय.”

“मंग बरा हाय.” असं म्हणायची आणि पदरात तोंड घालून रडायची.

पहिल्यांदा काय झालं, ते मी मनावरच घेतलं नाही. अँब्रोजला कुशीवर वळवायला वाकले, तर तो वळलेलाच होता. पाठीला चादरीची गुंडाळी लावलेली, दोन गुडघ्यांमध्ये चिंधी, हाडाला हाड घासू नये म्हणून. मी करते तसंच, फक्त माझ्यापेक्षा नीट. मला वाटलं, मीच केलं असेल नि विसरले. दमलेल्या माणसाला स्वतःचंच केलेलं दुसऱ्याचं वाटतं.

मग कोपऱ्यात तापाने पडलेली शीला म्हणाली, “पाणी नको. त्या बाईंनी आत्ताच पाजलं.”

“कुठल्या बाईंनी?”

“अहो, त्या दुसऱ्या. बोलत नाहीत त्या.”

तिचे ओठ ओले होते. तापात माणसं काय वाट्टेल ते बघतात, मेलेली आई बघतात, बैल बघतात. पण तापाने ओठ ओले होत नाहीत.

संध्याकाळी पाळी बदलताना मी विमलाबाईंना विचारलं, “दुपारी इथे आलेलात का?”

“मी? अगं, दिवसा मेल्यासारखी पडते मी. आणि येईन कशाला, तुझं तोंड बघायला?”

“कुणीतरी येतंय.”

“येऊ दे की! मी म्हणते, रात्री पण पाठव एखादीला. माझी कंबर मोडली.” त्या हसल्या आणि खोकत खोकत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेटी उघडली, अर्काची बाटली काढली आणि अँब्रोजच्या उशाशी गेले. सकाळी मी उताणी ठेवलेली वाटी पालथी होती.

पेटीची किल्ली माझ्या कनवटीला. बाटलीवर मी आदल्या दिवशी कोळशाने रेघ मारून ठेवलेली. अर्क त्या रेघेलाच टेकलेला. म्हणजे कुणी काही दिलेलं नव्हतं. वाटीला हाताचा धक्का लागून ती उलटली असेल, असं कुणीही म्हटलं असतं. मीही म्हटलं. वाटी उताणी केली, थेंब मोजले, पाणी घातलं.

आणि त्याच्या ओठांशी नेऊन थांबले.

तो फार शांत होता. गाठ तशीच टणक, लाल. अशा गाठीने माणूस शांत पडत नाही.

मी वाटी खाली ठेवून भाऊंना हाक मारली. भाऊ म्हणजे छावणीचे डॉक्टर. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. तीन रात्री अंगातला कोट न उतरवलेला माणूस. बाटली उन्हात धरून ते म्हणाले, “बाई, औषध तेवढंच आहे. दिलेलं नाही. देऊन टाका. तो उठला तर आपल्या दोघांच्याने आवरणार नाही.”

“भाऊ, तुम्हीच शिकवलंत ना, बाटलीच्या आधी माणूस बघायचा?”

“शिकवलं खरं. तेव्हा माझी झोप झालेली होती.”

पण ते गुडघ्यावर बसले. अँब्रोजची पापणी वर केली.

झोपडीत अंधारच होता. अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी. त्याची बाहुली मोहरीएवढी.

अफू पोटात गेल्याशिवाय असं होत नाही.

भाऊंनी दुसरा डोळा बघितला. मग माझ्याकडे. मग बाटलीकडे.

“कुठून मिळाली याला?”

मी कनवटीची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

“ओता ते,” ते हळूच म्हणाले. “एक थेंबही नको. जागा ठेवा त्याला. हाका मारा.”

मी ती वाटी बाहेर मातीत ओतली आणि अँब्रोजचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्याच्या नावाने हाका मारल्या. बायकोच्या नावाने मारल्या. श्वास लांबला की छाती चोळायची, कान ओढायचे. पलीकडे ॲडेलिनला हाका ऐकू जात होत्या. ती कुंपणावर हात आपटत होती. एकदा श्वास इतका लांबला, की मीही माझा धरून बसले.

मग तो आला.

उन्हं कलली तेव्हा अँब्रोजने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि एक सणसणीत शिवी दिली. मी ती ओरडून जशीच्या तशी कुंपणापर्यंत पोचवली. माझ्या तोंडून तसला शब्द त्याआधी गेला नव्हता, नंतरही नाही.

भाऊ म्हणाले, “वरून दिला असतात तर संपलाच होता.” इतकंच. त्या वाटीबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत, मीही नाही. छावणीत बोलायला वेळ कुणाला होता?

गाठ फुटली, ताप उतरला. अँब्रोजला घरी न्यायला ॲडेलिन बैलगाडी घेऊन आली. टोपलीत सुके बोंबील, वर केळीचं पान. मी म्हटलं, “अगं, मी खात नाही.”

“ठाव हाय. त्या दुसऱ्या बायला दे. ती खाईल.”

मी विचारलं, “तुला कुणी सांगितलं तिचं?”

“सांगाया कशाला पायजे? रोज बगते मी कुंपनावरनं.”

“काय करायची ती? अँब्रोजला वळवायची?”

“मना आतलं कुटं दिसतंय? दाराशी दिसायची ती.” तिने पेटीकडे बोट केलं. “तू दमून तिथं टेकलीस का, ती यायची. तुजं मनगट धरून उबी ऱ्हायची. ओठ हालवीत मोजायची.”

गाडीवाला हाका मारायला लागला. अँब्रोजला पाठ टेकवून बसवला, चाकं मिठागराच्या वाटेला लागली. मी ओरडून विचारलं, “आणि मोजून झालं की?”

ॲडेलिनने मागे वळून बघितलं. लहान पोराला समजवावं तशी म्हणाली, “रोज हात सोडून जायची गो. आज अजून नाय सोडला.”