फुटक्या कपांची चोरी

सकाळी वर्लीन टॉलिव्हर दफनभूमीच्या फाटकातून आत शिरली आणि जागीच थबकली.

एकही कप नव्हता. फुटक्या बशा, शिंपले, बंद पडलेली घड्याळं, सगळं नाहीसं झालं होतं. उरली होती फक्त अलाबामाची लाल, उघडी जमीन.

गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांची ही दफनभूमी. कबरीवर दगड बसवणं इथे फार थोड्यांना परवडलं. बाकीच्यांनी मेलेल्या माणसाच्या वापरातली वस्तू फोडून कबरीवर ठेवली. फोडून अशासाठी, की धागा तिथेच तुटावा, घरातलं आणखी कुणी त्याच्यामागे जाऊ नये. निळी किटली म्हणजे हॅटीमावशी, हिरवी बशी म्हणजे तिचा नवरा. इथली नावं अशीच वाचायची.

आता शेजारचा रस्ता रुंद होऊन या कबरींवर येणार होता. काळ्या वस्त्यांना न्याय मिळावा म्हणून झटणाऱ्या एका फाउंडेशनने वस्तीला अनुदान दिलं होतं. त्यातून जमिनीखालच्या कबरी दाखवणारं यंत्र येणार होतं. पण यंत्राला नावं कुठून कळणार? आणि वारसांना हरकत घ्यायची तर ती नावानिशीच घ्यावी लागणार. ती नावं आज दुपारी फाउंडेशनच्या कॅमिल बोदेनसमोर वर्लीन नकाशात भरणार होती.

"लेम्युएल! अरे, चोरी झाली!"

शेजारच्या चर्चमधून तिथली व्यवस्था पाहणारा डीकन लेम्युएल स्टोक्स लगबगीने आला. दोघं लहानपणापासूनचे सोबती. त्याने डाव्या हाताने टोपी काढली, त्याच हाताने कपाळ पुसलं.

"असलं मोडकंतोडकं कोण नेणार गं?"

"रस्तेवाले! दुसरं कोण?"

समोर रस्त्याच्या कामाचा मुकादम हॅस्केल कॉफी पीत होता. निवृत्त झाली तरी वर्लीनचा आवाज शिक्षिकेचाच होता.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"घरी. बाई, मी तुमच्या वर्गात नव्हतो हो. मला का बाकावर उभं करताय?"

"आमच्या कबरी साफ केल्यात कुणीतरी."

"आम्हाला साफ करायच्या असत्या तर बुलडोझर आहे की! झाडू घेऊन कोण बसतंय?"

झाडू! वर्लीन तशीच मागे फिरली.

ती जमिनीवर वाकली. मातीत पंख्यासारखे फराटे उमटले होते, पण नेहमीपेक्षा उलट्या अंगाला वळलेले. पाऊस नव्हता, तरी फाटकाजवळच्या लिलीच्या मुळाशी ओल होती. कळलं ते तिला कळायला नको होतं.

दुपारी कॅमिल आल्या. वर्लीन त्यांच्यासमोरच बोलली.

"नेणाऱ्याला कबरी मिटवायच्या नव्हत्या. मिटवणारा माणूस लिलीला पाणी घालत नाही. त्याला जागा नटवायची होती. फांद्यांच्या झाडूने माती अशी झाडतात ती आपलीच माणसं. आणि हे फराटे उलटे आहेत. वस्तीत डाव्या हाताने झाडणारा एकच. दर शनिवारी चर्चचं अंगण झाडतो तो. का केलंस, लेम्युएल?"

लेम्युएलची मान वर होईना.

"मागच्या वेळी या बाई त्या भांड्यांकडे नुसत्या बघत राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, मनात म्हणत असतील, ही माणसं आपले मुडदे कचऱ्यात ठेवतात, यांना कशाला मदत करायची? त्या गेल्या की परत मांडणार होतो गं. तू सकाळी चोरी म्हणून ओरडलीस, मग तोंडच उघडेना."

कॅमिलचा चेहरा उतरला.

"काका, माझ्या आजीच्या कबरीवर तिचा फुटका आरसा होता. तो रस्त्याखाली गेला. तुमची भांडी पाहिली आणि तीच आठवली, म्हणून गप्प होते. फोटो काढायलाही हात उचलला गेला नाही. त्या भांड्यांबद्दल मी सांगितलं, तेव्हाच तर आमच्या मंडळाने होकार दिला."

चर्चच्या मागे ताडपत्रीखाली ढीग होता. ढकलगाडीतून ओतलेला, निळ्यात हिरवं मिसळलेलं. वर्लीनने दोन-चार तुकडे हातात घेतले आणि खाली ठेवले. काही जागा तिला आठवत होत्या, बऱ्याचशा नव्हत्या. वस्तू होत्या म्हणून कुणी जागा पाठच केल्या नव्हत्या.

लेम्युएल गुडघ्यांवर बसला. त्याने ढिगातून कंदिलाची तडकलेली काच उचलली आणि छातीशी धरून तो लाल जमिनीवर जाऊन उभा राहिला. दोन पावलं इकडे गेला, दोन तिकडे.

"वर्लीन," तो म्हणाला, "आई कुठं होती गं?"

तिने त्याचा हात धरला. तिलाही सांगता येईना. जमीन फार मनापासून झाडलेली होती.