मधली मोकळी जागा

रोअन ट्रँटरच्या लाकडी शिल्पांचं प्रदर्शन धक्क्यालगतच्या सफरचंदांच्या जुन्या वखारीत भरलं होतं. ह्यूऑन नदी तिथे रुंदावते आणि पाण्याला खारट वास येऊ लागतो. मांडणी रोअनच्या बहिणीची, ग्लेनिसची होती. या कामात तिचा हात धरणारं अख्ख्या टास्मानियात कुणी नव्हतं, आणि हे तिलाही चांगलं ठाऊक होतं. "माणूस शिल्प पायांनी बघतो," ती म्हणायची. भिंतीला टेकवलेलं शिल्प लोक चित्रासारखं बघून पुढे सटकतात. भोवती जागा सोडली की आपसूक प्रदक्षिणा घालतात आणि आवाजही खाली आणतात.

या वेळी वखारीचा मधला भाग रिकामा होता. "तिथे काही ठेवू नकोस," रोअनने सांगितलं होतं, "उरलेलं एक मी होडीतून घेऊन येतो." होडी खडकांत अडकलेली सापडली. रोअन नव्हता आणि शिल्पही नव्हतं. शरद संपून हिवाळा लागला, तरी दारातल्या फलकावर त्याच्या जन्मसालापुढे नुसती रेघ होती. पुढचं साल ग्लेनिस लिहू देत नव्हती. तो येईल, असं ती ठासून सांगायची, आणि समोरच्याने समजुतीने मान हलवली की तिला त्या माणसाचा संताप यायचा.

पहिल्या दिवशी पावसाची रिपरिप होती. लोक चिखलाचे बूट घेऊन आत आले. संध्याकाळी फरशी पुसताना ग्लेनिसला दिसलं, की सगळ्या फळ्या चिखलाने बरबटल्यात आणि मध्ये मात्र माणूस मावेल एवढी जागा कोरडी, स्वच्छ आहे.

दुसऱ्या दिवशी ती तिकिटाच्या टेबलाशी बसून लोकांचे पाय बघत राहिली. रिकाम्या जागेशी आले की ते वळसा घालत. एका बाईने पर्स अंगाशी धरली, कुणाला लागू नये म्हणून धरतात तशी. एकानेही तिकडे मान वळवून पाहिलं नाही.

"टेगन," तिने मदतनीस मुलीला हाक मारली, "इथून त्या खिडकीपर्यंत सरळ चालत जा बघू."

"पैज लागलीय का?" टेगन हसत निघाली. मध्यावर तिचा खांदा आत वळला, पाय बाजूला पडले आणि ती खिडकीशी पोचली.

"सरळ का नाही गेलीस?"

"सरळच तर आले."

ग्लेनिस स्वतः त्याच वाटेने गेली. मधोमध, खुशाल. तिला कसलाच अडथळा झाला नाही. सगळं जग येडं झालंय, असं म्हणत तिने टेगनला कॉफी आणायला पिटाळलं. तिथे काही नाही म्हणून तिला बरं वाटलं होतं, हे खरं.

त्या संध्याकाळी मात्र कोरडी जागा खिडकीकडून दाराकडे सरकली होती. पुढच्या संध्याकाळी आणखी.

शुक्रवारी म्हातारा डेस आला. रोअनला शोधायला त्यानेच स्वतःची बोट काढली होती. शिल्पांकडे न बघता तो दाराजवळच्या मोकळ्या फळ्यांपाशी थांबला आणि त्याने टोपी काढली.

"बसायला काहीतरी ठेव गं इथे."

"कुणाला?"

डेस टोपी हातात फिरवत राहिला. "उभं राहून दमायला होतं," एवढं बोलून तो निघून गेला.

शनिवारी वखारीत कोरडी जागा कुठेच नव्हती. सगळीकडे चिखल. ग्लेनिसने तो पुसला, कुलूप लावलं आणि गाडी घराकडे वळवली. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेत तिला रडू फुटलं. का, ते तिचं तिलाच कळेना.

स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती. नवऱ्याने, क्लाइव्हने, चहा केला होता. ओट्यापासून टेबल दोन पावलांवर. कप घेऊन तो भिंतीकडून आला, टेबलाला वळसा घालून, खांदा आत ओढून.

"असा का आलास?"

"कसा?"

क्लाइव्ह बाहेर लाकडं आणायला गेला.

चहा निवला.

ती कप विसळायला उठली. वाट मोकळी होती.

कप ओट्यावर ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण भिंतीकडून आलो. खांदा अजून आत ओढलेला होता.

रोअन गेला, हे तिला तेव्हा कळलं.

ती बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिली. मग तिने टेबलाची एक खुर्ची ओढली, शेगडीकडे तोंड करून ओटा आणि टेबल यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे सरकवली.

हात लांब करून. जवळ न जाता.